डोक्याचं माप

दिवसभर उन्हात हिंडून, सायकल मारून, ओझी उचलून संध्याकाळी टोपी काढली की कपाळावर वळ दिसता कामा नये. आणि दिवसभरात ती सावरायला एकदाही हात वर गेलेला नसावा. टोपी बसली की नाही, याच्या आमच्या घरात या दोनच खुणा. ढिली टोपी सारखा हात मागते, घट्ट टोपी कानशिलं धरते. दोहोंच्या मधे जागा उरते ती अर्ध्या इंचाची, आणि त्या अर्ध्या इंचावर आमच्या घराची चूल चालली. आजोबा पटके बांधून द्यायचे, आप्पा टोप्या शिवायचे, आता मशीनवर मी बसते. सोलापूरचा इतिहास मिलच्या, यात्रेच्या, चळवळीच्या अंगानं पुष्कळांनी लिहिला आहे. मला तो डोक्याच्या बाजूनं सांगायचा आहे, कारण कुणाच्या डोक्यावर काय बसावं हा प्रश्न या गावात एकदा लष्करापर्यंत गेला होता.

सोलापूर हे तीन भाषांचं गाव, आणि डोक्यावरून माणूस ओळखायचा काळ फार जुना नाही. मंगळवार पेठेतल्या लिंगायत व्यापाऱ्याचा रुमाल वेगळा, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकराचं मुंडासं वेगळं. माळशिरस-सांगोल्याकडून मेंढरं घेऊन येणाऱ्या धनगराचा पटका लाल आणि मोठा, वाण्याची पगडी बसकी, मुसलमान मागवाल्याची तुर्की टोपी लाल आणि गोंड्याची. सरकारनं १८८४ साली सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात एकेका जातीची माहिती देताना तिचा पोशाख नोंदवला आहे, आणि पुरुषांच्या पोशाखात डोक्यावर काय, हे न चुकता येतं. बोडक्या डोक्यानं घराबाहेर पडलेला माणूस दिसला तर लोक विचारायचे, कोण गेलं? कारण उघडं डोकं सुतकाचं. मुलीच्या बापानं व्याह्यापुढे पागोटं पायाशी ठेवलं की त्यापुढे हात जोडायला काही उरायचं नाही. अशा गावात डोक्यावरचं वाऱ्यानं उडून रस्त्यात पडणं ही साधी फजिती नव्हे. माणसाची पत पडल्यासारखं वाटायचं त्याला.

आणि ऊन. चैत्र-वैशाखात इथे पारा चाळिशी ओलांडतो तो मृगापर्यंत खाली यायचं नाव घेत नाही. काळ्या रानात दुपारी सावली असते ती डोक्यावरच्या कापडाची. त्या कापडाला घाम प्यायचा, हवा खेळू द्यायची, वर पुन्हा पाटी उचलायची तर गादी व्हायचं. इतकी सगळी कामं एकट्यानं करणारी वस्तू पटका. माझं स्पष्ट मत आहे की डोक्याला नेमकी बसणारी याहून चांगली वस्तू माणसानं अजून केलेली नाही. त्याचं कारण साधं आहे: पटक्याला माप नसतं. तो दर सकाळी त्याच डोक्यावर नव्यानं घडतो. केस कापले असोत, वाढले असोत, शेंडी असो, डोक्याला मार लागून टेंगूळ आलेलं असो, कापड त्या दिवसाच्या डोक्याप्रमाणे बसतं.

आजोबांचा हात मी अगदी लहानपणी पाहिला आहे. पाच-सहा वारांचं सुती कापड, दोनदा तरी धुतलेलं. कोरं कापड ते घेत नसत. कोऱ्याला मिलची खळ असते, ते घसरतं. धुतलेल्या सुताला बारीक लव सुटते आणि कापड कापडाला धरून राहतं. एक टोक दातांत धरायचं. मग रुंदीतून हलका पीळ देत पहिला वेढा उजव्या कानाच्या वरून मागे न्यायचा. इथे आजोबा थांबून बोटानं दाखवायचे. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, एक उंचवटा असतो. वेढा त्याच्या खालून गेला पाहिजे. वरून गेला की पटका तासाभरात कपाळावर येतो. लोकांना वाटतं पटका कपाळावर टिकतो. तो टिकतो त्या मागच्या उंचवट्याखाली. कपाळाचं काम त्याला टेकू देण्याचं. दुसरा वेढा पहिल्याला डाव्या भिवईच्या वर छेद देतो, तिसरा उजवीकडे. जिथे दोन वेढे एकमेकांवरून जातात तिथे खालचा वरच्याला सोडत नाही, म्हणून गाठ, पीन, टाका यातलं काही लागत नाही. शेवटी दातांतलं टोक सोडून त्याचा शेमला पाठीवर टाकायचा, उरलेलं टोक वेढ्यात खोचायचं. बांधून झालं की आजोबा कानशिलावर वेढ्याखाली एक बोट सरकवून बघत. बोट अडकलं तर सैल करायचं, दोन बोटं जात असली तर पुन्हा पहिल्यापासून. कानशिलावर ताण राहिला की दुपारपर्यंत डोकं ठणकतं, हे रानात राबणारा प्रत्येकजण जाणायचा.

उन्हाळ्यात शेतकरी विहिरीवर पटका सोडून पाण्यात बुचकळायचे आणि ओलाच बांधायचे. ओलं सूत वाळताना किंचित आवळतं, म्हणून ओला पटका नेहमीपेक्षा मोकळा बांधायचा. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात सापडायची नाही, पण ज्यानं ती पाळली नाही त्याचं डोकं संध्याकाळी त्याला सांगायचं.

पगडीची रीत याच्या अगदी उलट. पगडी बांधून ठेवलेली असते, ती टोपीसारखी उचलून डोक्यावर ठेवायची. तिला पगडबंद लागे, डोक्याचं माप लागे. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळीकडे तिच्या रुबाबाची चर्चा झाली. मला मात्र तिच्या आतल्या कडेचं कौतुक वाटतं. वरचा सगळा डौल त्या कडेवर उभा असतो, आणि ती कड डोक्याला जिथे टेकते तिथे चुकली तर कितीही तलम कापड वापरा, पगडी माणसाला ताठ मानेनं जखडून टाकते. साहेबाच्या टोपीलाही हीच अडचण होती. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या टोपीवाल्यांनी एक यंत्र काढलं. ते डोक्यावर मुकुटासारखं ठेवायचं, त्याच्या बारीक पट्ट्या डोक्याच्या घेराला चहूबाजूंनी टेकायच्या आणि वर लावलेल्या कागदावर त्या डोक्याचा लहान आकार टोचून निघायचा. त्या कागदावरून टोपीचा साचा वाकवायचा. म्हणजे घेर बावीस इंच आला तरी बावीस इंचांची दोन डोकी सारखी नसतात, हे त्यांनाही कळलं होतं.

इथल्या कलेक्टर-कप्तानांच्या डोक्यावर असायची ती सोला हॅट, पाणथळीत वाढणाऱ्या एका झाडाच्या हलक्या भेंडाची. दिसायला ओबडधोबड, पण तिच्यात एक खुबी होती. डोक्याला टेकणारी पट्टी आणि बाहेरचं कवच यांत बोटभर फट ठेवलेली असायची, त्यातून वारा फिरायचा. आप्पांनी अशी एक जुनी हॅट भंगारवाल्याकडून आणून उसवून बघितली होती. त्यांचं म्हणणं, साहेबाला इथलं ऊन कळलं, पण डोकं नाही कळलं. वाकून काही उचलायचं काम त्याला कधी पडलंच नाही, म्हणून ती हॅट वाकल्यावर पडते हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग मिली आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत मुरारजी गोकुळदासांनी उभी केली ती जुनी मिल, तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी. गाव भोंग्यावर उठू-झोपू लागलं. साचाखात्यात वर फिरणारा दांडा, त्याच्यावरून खाली येणारे चामड्याचे पट्टे आणि हवेत तरंगणारा कापसाचा भुगा. तिथे डोकं झाकलं नाही तर केसांची कापसाची पेळू होते; पण पाठीवर शेमला सोडून पट्ट्याजवळ वाकणं म्हणजे मरणाला हात दाखवणं. आजोबा मिलवाल्यांना बिनशेमल्याचा, आखूड, डोक्यालगत पटका बांधायला शिकवायचे. ते दोन-तीन वेढ्यांत यायचं. पाळी सुटली की हीच मंडळी भुगा झटकून मोठा पटका बांधून घराकडे जायची. डोक्यावरचं कामापुरतं लहान झालं, ते इथे. टोपीला वाट त्यानं करून दिली.

गांधी टोपीची जन्मकथा काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. गांधीजींनी त्यांना सांगितलं, की देशातल्या प्रांताप्रांतांची शिरोभूषणं पाहिली, आणि काश्मिरी टोपी सगळ्यांत पसंत पडली: हलकी, शिवायला सोपी, घडी करून खिशात ठेवता येणारी. काश्मिरात ती लोकरीची, म्हणून इथे सुती केली. रंग पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ दिसतो, म्हणून ती धुतली जाते. पागोट्याला लागणाऱ्या कापडात कितीतरी टोप्या होतात, हाही हिशोब त्यात होता. गांधीजींनी स्वतः ती फार थोडा काळ घातली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुराईत त्यांनी पंचा पत्करला आणि टोपीही सोडली. तोवर टोपी त्यांच्या हातून सुटून देशभर गेली होती. महाराष्ट्रात ती जशी रुजली तशी गुजरातेतही रुजली नाही, असं मला वाटतं. सोलापूर भागातल्या म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ती अजून आहे.

शिवणाऱ्याच्या नजरेनं ही टोपी फार हुशार वस्तू आहे. दोन बाजू, त्यांच्यामधे माथ्याची लांबट निमुळती पट्टी, आत अस्तर, आणि बाहेरून वर दुमडलेला पन्ना. उंची चार इंचांच्या आत-बाहेर. मिटली की सपाट, उघडली की होडी. बाजू कापताना कापडाचा ताणा लांबीकडे ठेवायचा. बाण्याकडून बेतली तर पट्टी घामानं आणि ओढाताणीनं ताणत जाते आणि दोन-चार महिन्यांत बावीसची टोपी साडेबावीसची होते. उरेब तर मुळीच नको. गाव विणकरांचं असल्यानं आमची गिऱ्हाइकं दुकानात कापड उजेडाला धरून ताणा-बाणा बघायची. फसवायची सोयच नव्हती. खादी आधी रात्रभर पाण्यात ठेवून वाळवायची, मग कात्री लावायची. जी टोपी आधी न भिजवलेल्या खादीची असते ती पहिल्याच धुण्यात आटते, आणि माणूस शिव्या घालतो तो आपल्याच डोक्याला. शिवणीला माया ठेवायची ती मागच्या बाजूला. पुढे जाड शिवण आली तर ती कपाळाच्या मध्यावर रुतते.

माप घ्यायला फीत भिवयांच्या वर बोटभर, दोन्ही कानांच्या वरून, आणि मागे आजोबांच्या त्याच उंचवट्यावरून. मोठ्या माणसाचं डोकं बहुतकरून एकवीस ते तेवीस इंचांत येतं, पोरांचं त्याच्या खाली. पण आप्पा फीत ठेवून देत आणि दोन्ही तळवे गिऱ्हाइकाच्या डोक्याच्या बाजूंना लावून बघत. डोकं लांबट की वाटोळं? लांबट डोक्यावर होडी सहज उतरते, कानांच्या वर नीट येते. वाटोळं डोकं तिला मधेच फाकवतं, टोपी वर चढून बसते आणि पुढची-मागची टोकं हवेत राहतात. अशा माणसाला मोठा नंबर दिला तर ती कानांवर ढिली पडते. त्याला नंबर तोच द्यायचा आणि माथ्याची पट्टी मधे पाव इंच रुंद बेतायची. पट्टीला उरेब चालते ती एवढ्याच ठिकाणी, कारण तिथे कापडानं थोडं द्यायलाच हवं. पाव इंचाचं काम, पण ज्याला आयुष्यभर "माझ्या डोक्यावर टोपी बसतच नाही" असं वाटत आलं तो आरशात बघून चकित व्हायचा. "मावशी, आता कसं, दाबून बसली की ओ!" असं ऐकलं की मला अजूनही शिलाईपेक्षा जास्त मिळाल्यासारखं वाटतं.

टोपी घालायचीही रीत आहे. दोन्ही हातांनी पुढून कपाळावर टेकवायची, मग मागे ओढून उतरवायची. मागून पुढे ओढली की केस आत गोळा होतात आणि टोपी त्यांच्यावर तरंगते. तेल चोपडलेल्या डोक्यावर कुठलीच टोपी धरत नाही. खळ द्यायची ती बाहेरच्या पन्न्याला; कपाळाला टेकणारी आतली पट्टी मऊच हवी, नाहीतर सुरुवातीला सांगितलेला वळ उठतोच. सगळं झाल्यावर परीक्षा: गिऱ्हाइकानं आप्पांच्या समोर वाकून जमिनीला हात लावायचा. देवळात, वडीलधाऱ्यांपुढे माणूस दिवसात कितीदा वाकतो! पाया पडताना जी टोपी पडते ती आप्पा परत घेत आणि पुन्हा शिवत.

आता १९३० चं सांगते. ६ एप्रिलला सोलापूर नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा चढवला.  मे महिन्याच्या सुरुवातीला गांधीजींना अटक झाली आणि गाव पेटलं. ८ मेला पोलिसांनी गोळीबार केला, शंकर शिवदारे त्यात पडले. लोकांनी पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं. साहेब मंडळी स्टेशनकडे निघून गेली आणि दोन-तीन दिवस या गावात इंग्रजांचं राज्य नव्हतं. लोक स्वतः रस्त्यावरची ये-जा सांभाळत होते. १२ मेला मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. लष्कराच्या गाड्या पेठांतून फिरू लागल्या, झेंडे उतरवले गेले, आणि झेंड्यांच्या पाठोपाठ नजर गेली ती डोक्यांवर. गांधी टोपी दिसली की ती काढायला लावायची, नाही काढली तर मार. आजी सांगायची, शिवून तयार असलेल्या टोप्या तिनं ज्वारीच्या कणगीत तळाशी घालून वर दाणे ओतले होते, आणि आजोबा त्या दिवसांत पुन्हा पटका बांधून बाहेर पडायचे. त्या पटक्याच्या आत, माथ्यावर, घडी केलेली टोपी असायची. खिशात मावेल इतकी ती सपाट होते, हा गुण असा कामी आला.

डोक्यावरचं उतरवायला लावणं ही सत्तेची जुनी खोड आहे. १८९३ साली डरबनच्या कोर्टात मॅजिस्ट्रेटनं तरुण गांधींना पागोटं काढायला सांगितलं होतं, ते काढायचं नाही म्हणून ते बाहेर पडले होते. १९२५ साली तुर्कस्तानात केमाल पाशानं कायदा करून फेज टोपी बंद केली, तेव्हा इथले तुर्की टोपीवाले बागवान, मोमीन काय म्हणाले असतील, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पण सोलापुरात जे झालं त्यात आणखी एक गोष्ट होती. ज्या समाजात उघडं डोकं म्हणजे घरातलं कुणी गेलेलं, तिथे भर बाजारात माणसाला बोडकं करणं हा अपमान लाठीपेक्षा खोल जातो. पुढे त्या मे महिन्यातल्या घटनांपायी १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. चार तऱ्हांची घरं, चार तऱ्हांची शिरोभूषणं वागवणारी. त्या चौघांची गावानं एक आठवण केली. आमच्या घरात १२ जानेवारीला मशीन बंद असतं. आप्पांनी ती रीत घातली, मी ती चालवते.

टोपीची दुसरी मोठी परीक्षा आमच्याच जिल्ह्यात होते, आषाढात. माउलींची पालखी वेळापूरच्या अलीकडे आली की धाव्याच्या टेकडीवरून वारकरी पळत सुटतात; तुकोबांना तिथून पंढरीचा कळस दिसला आणि ते धावले, म्हणून. पुढे ठाकूरबुवांच्या समाधीपाशी, बाजीराव विहिरीपाशी रिंगणं होतात, तिथेही पळणं, उड्या, फुगड्या. गळ्यात टाळ, खांद्यावर पताका, वर पाऊस. हात मोकळा कुणाचा नसतो. अशा वेळी टोपी डोक्यावर राहते ती फक्त मापानं. वारकऱ्याला मी नेहमी अर्ध्या नंबरानं मोठी आणि पाव इंच खोल टोपी देते. पावसानं सूत आवळतं, तेव्हा ती बरोबर येते. आणि खोल असली की वाऱ्याच्या झोतात पन्ना फुगत नाही. विणेकऱ्याला तासन्‌तास उभं राहायचं असतं, त्याला हीच टोपी जड वाटेल. त्याच्यासाठी एकपदरी, बिनअस्तराची. टाळकऱ्याचं डोकं सतत हलतं, त्याची पट्टी उभ्या ताण्यातली आणि दुहेरी. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे बाराबंदीतले सेवेकरी मान मागे टाकून वरच्या बाशिंगावर नजर ठेवून चालतात. मान अशी मागे गेली की डोक्यावरचं काहीही सरकतं ते मागे. त्यांच्यासाठी मागची बाजू जरा उंच लागते. हे सगळं नंबरात कुठे येतं?

बायकांच्या डोक्याचा इतिहास वेगळा लिहायला हवा, पण एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच वारीत बायका तुळशीवृंदावन डोक्यावर घेऊन आळंदीपासून पंढरीपर्यंत चालतात, आणि त्या वृंदावनाखाली असते चुंबळ. जुन्या लुगड्याचा तुकडा पिळून केलेलं कडं. ते टाळूवर मध्यभागी ठेवायचं नसतं, किंचित मागे ठेवायचं, म्हणजे भार मानेच्या सरळ रेषेत उतरतो आणि नजर रस्त्यावर राहते. पाण्याच्या घागरी वाहून वाहून माझ्या आईला ती जागा न बघता सापडायची. पुरुषांच्या टोपीसाठी दोन पिढ्या मापं घेतली गेली. चुंबळीचं माप बायकांनी आपलं आपणच, कुणाला न विचारता पक्कं केलं.

आप्पांच्या उमेदीच्या काळात शाळेच्या गणवेशात पांढरी टोपी असायची, जूनमध्ये आमच्याकडे रांग लागायची. पोरांचं डोकं वाढतं, म्हणून आतल्या पट्टीत इंचभर दुमड देऊन कच्चा टाका घालायचा. वर्षानं तो उसवला की तीच टोपी पुढच्या इयत्तेला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत शाळांनी टोपी सोडली, मग कचेऱ्यांनी, मग तरुणांनी. मिली एकेक करून बंद पडल्या. बिनशेमल्याचा आखूड पटका बांधणारी माणसं गेली आणि तो बांधायची रीत त्यांच्याबरोबर गेली. रस्त्याच्या कामावरचा मजूर आज डोक्याला सोलापुरी टर्किश टॉवेल गुंडाळतो. तो बरोबर करतो. टॉवेलच्या उभ्या फासांमुळे कापड केसांना धरतं, घाम पितं, आणि गुंडाळायला दोन वेढे पुरतात. मला त्याच्यात आजोबांचा पटका दिसतो, फक्त वेढा उंचवट्याच्या वरून गेलेला असतो. ओळखीचा असला तर मी थांबून सांगते, "दादा, मागून जरा खाली घ्या." घेतो आणि हसतो.

माझा राग आहे तो "फ्री साईज"वर. २०११ च्या आंदोलनात अण्णांच्या नावाच्या टोप्या देशभर निघाल्या तेव्हा वाटलं, आता पुन्हा डोकी मोजली जातील. पण त्या आल्या एकाच मापाच्या, पातळ कापडाच्या, सभेपुरत्या. निवडणुकीतल्या टोप्यांचंही तेच. लग्नातला फेटा तर आता आधी बांधून, आत पुठ्ठा आणि मागे इलॅस्टिक लावून खोक्यात येतो. कापड चकचकीत आणि निसरडं, ते स्वतःला धरत नाही, म्हणून टाचण्या. आणि टाचण्या लागतात ते कळतं अक्षता पडून गेल्यावर, नवरदेव कपाळ चोळायला लागला की. आठ-नऊ मीटरचं सुती कापड घेऊन माणूस समोर बसवून बांधणारे कारागीर अजून आहेत. त्यांना दोन मिनिटं जास्त लागतात. ती दिली पाहिजेत.

हेल्मेट घ्यायला भाचा मला बरोबर घेऊन गेला, तेव्हा दुकानदारानं सरळ मधल्या मापाचं काढून दिलं. मी फीत काढली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं डोक्यावर काय हवं ते ठरवून दिलं आहे. ते डोक्याला बसलं पाहिजे हे बघणं मात्र ज्याचं त्याच्यावर. भाच्याचं डोकं आमच्या घरातलं, लांबट. मधलं माप कानशिलांवर ढिलं आणि कपाळावर घट्ट होत होतं. पट्टा लावून मान हलवायला सांगितली तर हेल्मेट डोक्याबरोबर फिरायचं सोडून मागे राहत होतं. पाच-सहा काढून बघितल्यावर एक सापडलं. त्याच्या आतली गादी मागच्या उंचवट्याला खालून धरत होती. दुकानदारानं विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, आमच्या आजोबांनी, पटका बांधताना.

यंदाच्या वारीच्या टोप्यांसाठी खादी भिजवून वाळत घातली आहे. मंगळवेढ्याच्या एका दिंडीनं माणसाबरोबर सगळ्यांची मापं पाठवली आहेत; नंबर आणि शेजारी लांबट की वाटोळं तेही लिहून.